परतीची वाट अवघड

दोन घरांचं भांडण सोडवायला गेलेल्या माणसाची गत आपण जाणतोच. दोघंही शेवटी त्याच्यावर उलटतात. पण तो चटकन निघूनही येत नाही. 'मग गेलाच कशाला होतास?' असं लोक विचारतील ना! देशांचंही असंच होतं. आपल्याच देशाचं झालं होतं.

मी शाळेत असताना आमच्या आळीतले एक काका फौजेत होते. पाकिटावर पत्ता '५६ एपीओ' एवढाच. ते श्रीलंकेत आहेत, हे घरच्यांना बऱ्याच उशिरा कळलं. "लढाई आपली नाही, मग हे परत कधी येणार गं?" काकू ज्याला त्याला विचारायच्या. पुढे काका सुखरूप आले. पण तेव्हा त्या प्रश्नाला दिल्लीकडेही धड उत्तर नव्हतं.

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. तमिळ बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवायची, तमिळ भागाला प्रांतिक कारभार मिळायचा आणि देखरेखीला आपली शांतिसेना. पण ऑक्टोबरातच या सेनेला एलटीटीईशी, म्हणजे तमिळ वाघांशी लढावं लागलं. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबरला धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. जाफन्यातल्या कितीतरी साध्या तमिळ घरांनीही आपली माणसं गमावली.

जून १९८९ मध्ये नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी सांगून टाकलं, २९ जुलैपर्यंत फौज परत न्या. घरमालकच 'निघा' म्हणतोय, तर निघायचं ना? पण नाही! निघालो तर हाकलून दिल्यासारखं दिसणार. आपल्या आधारावर उभं असलेलं तिथलं प्रांतिक सरकार कोसळणार. इकडे लोकसभेची निवडणूक तोंडावर. आणि सगळ्यात जड प्रश्न, 'इतके जवान गेले, ते मग कशासाठी?' ऐकायला हा प्रश्न रास्त वाटतो. पण त्यापायी आणखी जवान तिथेच राहतात, आणि गेलेल्यांचा आकडा वाढतो.

२९ जुलैला काहीशे जवान परतले, तेवढीच तोंडदेखली सुरुवात. डिसेंबरात दिल्लीत सरकार बदललं, व्ही. पी. सिंग आले. ज्यांनी फौज धाडली नव्हती, त्यांना ती परत आणणं सोपं गेलं. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी निघाली. तोवर सुमारे १२०० जवान गेले होते.

भीती खोटी नव्हती. प्रांतिक सरकार कोसळलं, वाघ परतले, युद्ध थेट २००९ पर्यंत चाललं. पण आणखी वर्षभर थांबून ते टळलं असतं, असं मला तरी वाटत नाही. अमेरिकेलाही अफगाणिस्तानातून निघायला २० वर्षं लागली, आणि २०२१ मध्ये ती निघत असतानाच तालिबान काबूलमध्ये शिरले.

चक्रव्यूहात शिरायचं अभिमन्यूला ठाऊक होतं, बाहेर पडायचं नव्हतं. म्हणून फौज परदेशी निघते त्याच दिवशी विचारायला हवं, काम संपलं हे कशावरून ठरणार आणि परत कधी आणणार? टाळ्या वाजत असताना हे विचारणं वाईट दिसतं, मान्य. पण तेव्हा विचारलं नाही, तर पुढे उत्तर द्यायला कुणीच पुढे येत नाही.