हसू थांबते तेव्हा

खुनाच्या गोष्टीत हसण्यासारखे काय असणार, असे कोणीही म्हणेल. आम्हीही तसेच म्हणत होतो. पण वर्धेला शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसून दूरदर्शनवर ‘जाने भी दो यारों’ पाहिला आणि पोट धरधरून हसलो. शेवटी मात्र सारी खोली चिडीचूप झाली.

कुंदन शाह यांचा हा पहिलाच चित्रपट, १९८३ सालचा. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या मदतीने सुमारे सात लाखांत मुंबईत तयार झाला. विनोद आणि सुधीर हे दोन गरीब फोटोग्राफर. बागेत काढलेला फोटो मोठा करून पाहतात, तर त्यात पिस्तूलधारी बिल्डर तरनेजा! खून होतो आयुक्त डिमेलोचा. मग त्या प्रेतामागे सगळ्यांची धावपळ सुरू होते.

नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी यांनी भोळेपणा असा वठवला आहे की ती आपल्याच गल्लीतली पोरे वाटावीत. ओम पुरींचा दारुडा बिल्डर शवपेटीला मोटार समजतो आणि आतल्या प्रेताशी गप्पा मारतो. सतीश शाह बहुतेक वेळ प्रेतच आहेत. महाभारताच्या नाटकात त्यांना द्रौपदी करून उभे करतात, तेव्हा हसू आवरत नाही. ‘ती फुलराणी’ गाजवणाऱ्या भक्ती बर्वे इथे संपादिका आहेत. सत्याच्या गोष्टी सांगता सांगता ही बाई त्याच फोटोचा सौदा करू लागते, आणि हा बदल त्या फक्त नजरेने दाखवतात.

शेवटी बडे सारे एक होतात. कोसळलेल्या पुलाचा ठपका या दोघांवर येतो. कैद्याच्या कपड्यात ते गळ्यावरून हात फिरवतात.

“पण बाबा, यायनं त काहीच नाही केलं नं?” आमच्या मुलीने विचारले. आम्हाला उत्तर सुचले नाही.

पुढे एका कचेरीत फाईल गहाळ झाली. सही वरच्यांची होती, नोटीस मात्र शिपायाला आली. आम्ही आवक-जावक नोंदवहीतील नोंद दाखवून त्याच्या बाजूने लेखी जबाब दिला. साहेब वर्षभर बोलले नाहीत, पण शिपायाची नोकरी राहिली.

भक्तीताई २००१ मध्ये गेल्या, सतीश शाह २०२५ मध्ये. चित्रपट मात्र आजही पाहायला मिळतो. मुलाबाळांसह जरूर पाहा, आणि शेवट आला की उठू नका. मुले काहीतरी विचारतील.