मिशन: घोडनदी ते केडगाव

'मिशन' या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे, अर्थ 'पाठवणे'. कोणी पाठवले, कोणाकडे, कशासाठी, हे प्रश्न त्या अर्थातच आहेत. आपल्याकडे मात्र शब्द जागेला चिकटला: मिशन शाळा, मिशन दवाखाना, मिशन कंपाउंड. मिशन म्हणजे बाटवाबाटवी असे काहीजण म्हणतात, निव्वळ लोकसेवा असे काहीजण. भीमेच्या अलीकडचे शिरूर आणि पलीकडचे दौंड, या दोन तालुक्यांचा इतिहास एकत्र वाचताना मला दोन्ही उत्तरे तोकडी वाटतात.

शिरूर, म्हणजे जुन्या लोकांची घोडनदी, हे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड रिचर्ड विन्सर यांनी येथे औद्योगिक शाळा चालवली. घायपाताचा वाख काढणे, सुतारकाम असे धंदे तिथे शिकवत. शाळेला नाव सर दिनशा पेटिट यांचे, म्हणजे एका पारशी गिरणीमालकाचे! धर्मप्रचारकाला घायपात कशाला, असा प्रश्न पडेल. उत्तर बलुत्यात आहे. महार-मांगांचे बलुते गावकीच्या कामाशी बांधलेले, आणि गावकी देवाधर्माशी. बाप्तिस्मा घेतलेल्याने ती कामे नाकारली की भाकरीचाच प्रश्न उभा राही. तेव्हा हातात धंदा देणे हे उपकाराचे काम नव्हते, मिशनची ती अडचणच होती.

केडगावचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. पंडिता रमाबाईंना कोणत्याही मंडळाने पाठवले नव्हते. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या भगिनींशी त्या मताच्या स्वातंत्र्यावरून पत्रांतून वाद घालत राहिल्या. १८८९ साली मुंबईत उघडलेले शारदा सदन पुढल्या वर्षी पुण्यात आले, ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या हमीवर. विधवा मुली बाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, आणि १८९३ साली रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. 'केसरी'ची टीका कडवट होती, पण निराधार नव्हती, असे माझे मत. दिलेली हमी आणि घरातली रोजची प्रार्थना यांच्यातली रेषा पाळणे अवघडच होते.

मग १८९६-९७चा दुष्काळ आला. रमाबाईंनी मध्य प्रांतातून भुकेल्या मुली आणल्या आणि केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली. तेच मुक्ती सदन. गुजरातेतल्या १९००च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती २०००च्या आसपास गेली. विणकाम, तेलघाणा, दूधदुभते, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल. आता खरा पेच असा: जिला पोटभर अन्न फक्त इथेच मिळते, तिच्या 'हो' म्हणण्याला किती वजन द्यायचे? हा प्रश्न टाळून मुक्तीचे कौतुक करणे मला पटत नाही. आणि त्या मुलींना तेव्हा दुसरे दार कोणते उघडे होते, हे न विचारता केलेली टीकाही पटत नाही. 'मुक्ती' हा आपल्याच तत्त्वज्ञानातला शब्द. तो बाईंनी उपाशी, टाकलेल्या बायकांच्या घराला दिला.

त्यांची शेवटची वर्षे बायबलच्या भाषांतरात गेली. प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, ही त्यांची तक्रार. लहानपणापासून संस्कृतात वाढलेल्या या विदुषीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक हाताशी धरून साधी मराठी लिहिली. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी, सगळे मुक्तीतल्या बायका करीत. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या. छापलेला ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.