ऑर्को आला रे!

तुमच्या ऑफिसच्या डेस्कवर काय काय आहे? मॉनिटर, कॉफीचा मग, स्टिकी नोट्स, अर्धवट सुकलेला मनी प्लांट... आणि मॉनिटरच्या पायाशी एखादा बॅटमॅन? लाजू नका, बॉस! खेळणी विकत घेणाऱ्यांत आता नोकरदार मंडळी बक्कळ आहेत आणि हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. या गिऱ्हाइकाला त्यांनी नावही देऊन टाकलंय, 'किडल्ट'. पगार मोठ्या माणसाचा, जीव लहान मुलाचा!

गंमत अशी की डेस्कवरचा मान बहुतेक वेळा हीरोला मिळतो. फार तर व्हिलनला. साइडकिकला कोण विचारतं? म्हणूनच मॅटेलच्या 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स ओरिजिन्स' या मालिकेतला ऑर्को माझ्या हातात आला तेव्हा पहिला प्रश्न पडला, हा नेमका घेतं कोण?

ज्यांना ऑर्को म्हणजे कोण हेच माहीत नाही (माझ्या वयाच्या निम्म्या मंडळींना नसेल), त्यांच्यासाठी थोडक्यात. 'ही-मॅन' हे अमेरिकन कार्टून. इटर्निया नावाचा ग्रह, राजपुत्र अ‍ॅडम तलवार उंचावतो आणि दंड थोपटणारा ही-मॅन होतो, समोर कवटीच्या तोंडाचा स्केलेटर. आणि या सगळ्या धिप्पाड गर्दीत एक बुटका, हवेत तरंगणारा दरबारी जादूगार. लाल झगा, छातीवर इंग्रजी 'ओ', डोक्यावर भलीमोठी टोपी, स्कार्फने झाकलेलं तोंड आणि अंधारात चमकणारे दोन पिवळे डोळे. हा ट्रोला नावाच्या दुसऱ्याच जगातून आलेला. तिथे म्हणे मोठा जादूगार, पण इटर्नियात त्याची जादू दहातून नऊ वेळा फसते. फुलं काढायला जातो, निघतं भलतंच!

खेळण्याआधीचं खेळणं

आता खरी गोष्ट. ही-मॅनची खेळणी आधी आली आणि कार्टून नंतर. मॅटेलने १९८२ मध्ये फिगर्स बाजारात उतरवल्या आणि फिल्मेशन या स्टुडिओने १९८३ च्या सप्टेंबरात मालिका सुरू केली. एकूण १३० भाग. हे कार्टून आहे की अर्ध्या तासाची जाहिरात, यावर अमेरिकेत तेव्हा जोरदार भांडणं झाली. मास कॉमच्या वर्गात अजूनही यावर नोट्स लिहायला लागतात, मीही लिहिल्यात!

पण ऑर्को मॅटेलचा नाही. तो फिल्मेशनच्या लोकांनी घुसवला. त्यांची अडचण अशी होती की मुलांच्या कार्यक्रमात हाणामारीवर बंधनं होती. एवढी मोठी तलवार, पण ती कोणाच्या अंगात घुसवायची नाही. मग वीस-बावीस मिनिटं करायचं काय? हसवायला कोणीतरी हवं, चुका करायला कोणीतरी हवं. त्याचं आधीचं नाव होतं 'गोर्पो'. ते बदलून ऑर्को केलं त्याचं कारण एकदम अकाउंट्स डिपार्टमेंट छाप आहे. छातीवर 'जी' असेल तर चित्र उलटं करून वापरता येत नाही, अक्षर उलटं दिसतं. 'ओ' मात्र कुठूनही 'ओ'च! म्हणजे डावीकडे जाणारं चित्र फिरवून उजवीकडे चालतं, खर्च वाचतो. त्याला आवाज दिला तो खुद्द स्टुडिओचे सर्वेसर्वा लू शायमर यांनी.

म्हणजे खेळणी विकण्यासाठी काढलेल्या कार्टूनमधलं सगळ्यात लाडकं पात्र खेळण्यांच्या यादीतच नव्हतं. आणि मग मॅटेलला घाम फुटला असणार, कारण ऑर्को हे खेळणं म्हणून महाकठीण प्रकरण आहे. चालायला पाय नाहीत, रंगवायला चेहरा नाही, उभं कुठे करणार?

शिवाय पैशाचं गणित. प्लॅस्टिकची फिगर ओतायला पोलादी साचा लागतो आणि खरा खर्च त्या साच्याचा असतो. ही-मॅनच्या मालिकेचा फंडा होता, एकच धड आणि तेच हातपाय पुन्हा पुन्हा वापरा, डोकं-चिलखत-रंग बदला, नवा वीर तयार! ही-मॅनचा तो हिरवा वाघ, बॅटल कॅट, हादेखील मॅटेलच्या 'बिग जिम' नावाच्या जुन्या मालिकेतला वाघ, हिरवा रंगवून खोगीर चढवलेला. म्हणून तर तो ही-मॅनच्या मानाने एवढा अवाढव्य आहे. या जुगाडात ऑर्को कुठेच बसत नव्हता. त्याला सगळंच नवं हवं आणि मापाला मात्र सगळ्यात छोटा.

१९८४ मध्ये तो आला तेव्हा त्यांनी तरंगण्याचा नाद सोडून दिला होता. एक दातेरी पट्टी खोचायची, सर्रकन ओढायची आणि ऑर्को भोवऱ्यासारखा गरगरत सुटायचा. १९८७ च्या सिनेमात तर हवेत उडवायची कटकट नको म्हणून त्याला वगळूनच टाकलं आणि ग्विल्डोर नावाचा दुसराच बुटका आणला. पुढे २००८ मध्ये मोठ्या कलेक्टरांसाठी 'क्लासिक्स' मालिका सुरू झाली, त्यात तो प्रिन्स अ‍ॅडमच्या जोडीला मिळाला. थोडक्यात काय, एकावर एक! मग २०२० मध्ये 'ओरिजिन्स' ही नवी मालिका दुकानांत आली. जुन्या फिगर्सचंच माप आणि रूप, पण सांधे आजच्यासारखे वळणारे, एकेका फिगरची किंमत अमेरिकेत सुरुवातीला १५ डॉलरच्या आसपास. त्यात ऑर्को स्वतंत्र आला, स्वतःच्या पॅकमध्ये, स्वतःच्या नावाने. छोटा आहे म्हणून किंमत काही निम्मी होत नाही. यावर कलेक्टर मंडळी कुरकुरतात, पण साच्याचं गणित कळलं की ती कुरकुर मला तरी पटत नाही.

रीळ आणि रुमाल

आता हा घेतं कोण, या प्रश्नाचं उत्तर. माझा मामा.

मामा ठाण्याला राहतो, वय शेहेचाळीस, विमा कंपनीत नोकरी. ऐंशीचं दशक संपताना दूरदर्शनवर ही-मॅन लागायचं, तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता. त्या काळात भारतातही ही-मॅनच्या फिगर्स बनायच्या, 'लिओ' या नावाने, मॅटेलच्या परवान्यावर. (त्यांचे रंग अमेरिकन फिगर्सपेक्षा थोडे वेगळे असत, त्यामुळे आज परदेशी कलेक्टर या भारतीय लिओंच्या मागे असतात. माळ्यावर एखादा पडलाय का बघा!) मामाला चौथीच्या स्कॉलरशिपला नंबर आला म्हणून एकच फिगर मिळाली, आणि दुकानात ही-मॅन संपला होता म्हणून ती निघाली स्केलेटर. व्हिलन आहे, हीरो नाही. खेळणार कसं?

"मग मी ऑर्को केला," मामा सांगतो. "आजीच्या शिलाई मशीनचं रिकामं रीळ घेतलं, त्यावर लाल रुमाल बांधला, झालं. त्याला तोंड लागत नाही, पाय लागत नाहीत. ही-मॅन घरी करता येत नाही गं, ऑर्को येतो."

कारखान्याला जे जमत नव्हतं ते पोराने पाच मिनिटांत केलं होतं!

मी विचारलं, पण ऑर्कोच का? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्या हातून रोज काहीतरी सांडायचं. दूध, शाई, काय वाट्टेल ते. आणि अण्णांचा हात लगेच उठायचा. हा ऑर्को दर भागात राजवाड्यात घोळ घालतो, राजा ओरडतो, पण त्याला कोणी मारत नाही. पुढच्या भागात तो आपला तिथेच असतो. मला ते बघायला आवडायचं."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. मला त्यांनी कधी साधं रागावलेलंही आठवत नाही. मी पुढे काही विचारलं नाही.

मामीचं म्हणणं वेगळं. "तूच सांग गं, साडेतीन हजाराचं बाहुलं! त्यात पाय पण नाहीत!" मामा म्हणाला, वर्षभर ऑफिसात वडापाव कमी खाल्ला. मामी म्हणाली, मग तब्येत सुधारली असती, ती दिसत नाही. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने या चर्चेचा निकाल लावून टाकला. बाबा पॅक तसाच ठेवणार होता, हिने कात्री आणली.

मामासारखे लोक थोडेथोडके नाहीत. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स : रेव्हलेशन' आलं. (बघायचं असेल तर पुढची दोन वाक्यं गाळा!) त्याच्या चौथ्या भागात ऑर्को मित्रांना वाचवताना मरतो, आणि त्या वेळी मात्र त्याची जादू फसत नाही. पुढे तो परत येतो म्हणा, पण हा भाग मी मामासोबत पाहिला आणि तो मध्येच पाणी प्यायला उठला तो बराच वेळ आलाच नाही.

घ्यायचाय? मग हे बघा

साडेतीन हजार का, याचं अर्धं उत्तर सरकारदरबारी आहे. दुकानदार परदेशी खेळणं आयात करतो तेव्हा लागणारी बेसिक कस्टम्स ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. देशी खेळणी वाढावीत हा हेतू, त्याबद्दल तक्रार नाही. पण ऑर्को देशात बनत नाही, त्यामुळे फटका बसतो कलेक्टरला. १५ डॉलरचे तेवढेच रुपये धरून बजेट आखू नका.

सील पॅक ठेवायचा की उघडायचा, हा कलेक्टरांमधला पानिपतचा विषय. पुढे विकायचा असेल तर सील पॅकच, आणि पुठ्ठ्याचे कोपरेही न दुमडलेले हवेत. नाहीतर सरळ उघडा. लूज, म्हणजे पॅकिंगशिवायचा घेताना सोबतच्या छोट्या वस्तू पूर्ण आहेत का बघा, त्या हरवतातच. खिडकीत ठेवू नका, उन्हाने प्लॅस्टिक पिवळं पडतं. आणि जुना लिओ सापडलाच तर कंबर हळू धरा. या फिगर्सचे पाय आतल्या रबराने जोडलेले असतात आणि इतक्या वर्षांत ते रबर कडक होऊन तुटतं.

मामाच्या स्केलेटरचं तेच झालं होतं. मागच्या रविवारी त्याने आत नवं रबर घातलं. डावा पाय अजून थोडा बाहेरच्या बाजूला वळतो, पण भिंतीला टेकवला की उभा राहतो. मुलीने दोघांना टीव्हीखाली समोरासमोर मांडलंय, आणि रीळ कुठे आहे म्हणून ती आजीला फोन करून विचारतेय.