शहराची वाढ आणि देशाची वाढ

देशाची लोकसंख्या वाढली म्हणजे शहरें वाढतात, आणि देश जितका झपाट्यानें वाढेल तितकींच त्याचीं मोठीं शहरेंहि झपाट्यानें वाढतील, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत वरवर पाहतां सरळ दिसते व परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतहि ती नेहमीं आढळते. परंतु शिरगणतीचे आंकडे समोर ठेवून बसलें असतां तिला ठिकठिकाणीं बाध येतो. आपण मुंबईचेंच उदाहरण घेऊं. ज्या शहराविषयीं आपण रोज बोलतों, व आमचे पुष्कळ विद्यार्थी शाळा सोडतांच ज्याची वाट धरतात, त्याविषयीं तरी आपली कल्पना नेमकी असावी.

१९११ सालीं मुंबईची लोकसंख्या ९,७९,४४५ होती. दहा वर्षांनीं ती ११,७५,९१४ भरली. म्हणजे शेंकडा वीस या मानानें वाढ झाली. याच दहा वर्षांत देश किती वाढला? तो मुळींच वाढला नाहीं. आजच्या भारताच्या सीमांत येणाऱ्या प्रदेशाची लोकसंख्या २५ कोटि २१ लक्षांवरून २५ कोटि १३ लक्षांवर उतरली. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीनें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं, त्याचा हा परिणाम होय. पुढील दहा वर्षांत याच्या अगदीं उलट घडलें. १९२१ पासून १९३१ पर्यंत देश शेंकडा अकरा या मानानें वाढला, आणि मुंबई मात्र ११,६१,३८३ वर आली, म्हणजे चौदा हजारांहून अधिक माणसांनीं घटली. १९२८-२९ सालचे गिरण्यांतील मोठे संप व त्यांच्या मागोमाग आलेली जगभरची मंदी, यांमुळें ज्यांच्या हातचें काम गेलें ते आपल्या गांवीं परतले. देश घटत असतां शहर वाढलें आणि देश वाढत असतां शहर घटलें, असा हा प्रकार आहे.

याचें कारण समजण्यास फारसें कठीण नाहीं. आपल्यासारख्या विस्तीर्ण देशाच्या लोकसंख्येंत फरक पडतो तो मुख्यतः जन्म व मृत्यु या दोहोंमुळें. परदेशांतून येणाऱ्यांची व तिकडे जाणाऱ्यांची संख्या एकंदर संख्येच्या मानानें अल्प असते. शहराची गोष्ट निराळी. तेथें माणूस पाळण्यांतून येतो तसाच स्टेशनावरूनहि येतो, आणि जातांना सरणावरून किंवा कबरस्तानांतून जातो तसा वळकटी काखेस मारून गांवींहि जातो. शिवाय तिसरें एक कारण आहे, त्याकडे विद्यार्थ्यांचें लक्ष क्वचितच जातें. तें म्हणजे शहराची हद्दच कायद्यानें सरकते, व एका रात्रींत लक्षावधि माणसें जागचीं न हलतां शहरवासी होतात.

या हिशेबास प्रथम हात घातला तो लंडन शहराच्या जॉन ग्रांट नांवाच्या एका कापडविक्यानें. लंडनच्या मंडळ्यांतून बाप्तिस्म्यांच्या व दफनविधींच्या नोंदी ठेवीत व त्यांचीं साप्ताहिक पत्रकें छापून निघत. तीं पत्रकें वर्षानुवर्षांचीं जुळवून त्यानें १६६२ सालीं आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत असें दिसून आलें कीं, लंडनमध्यें बाप्तिस्म्यांपेक्षां दफनांचीच संख्या अधिक. तरीहि शहर वाढत होतें! ज्या घरांत जन्मापेक्षां मरण अधिक तें घर खरें म्हणजे ओस पडावें. पण इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून येणारीं माणसें लंडनची ही तूट भरून काढीत व वर भरहि घालीत.

मुंबईचेंहि पुष्कळ काळ असेंच चाललें होतें. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं कापडाची पहिली गिरणी काढण्याचें मनावर घेतलें, आणि पुढें पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा या बाजूस गिरणगांव उभें राहिलें. १८९६ सालीं प्लेग आला. हजारों माणसें मेलीं व त्याहून पुष्कळ पळालीं, आणि १८९१ सालीं ८,२१,७६४ असलेली वस्ती १९०१ सालीं ७,७६,००६ भरली. प्लेग ओसरला तशी पुन्हां भरती सुरू झाली. १९२१ सालीं मुंबईंत राहणाऱ्या दर शंभर माणसांपैकीं मुंबईंत जन्मलेलीं अवघीं सोळा होतीं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळाचा रकाना असतो. तसा रकाना त्या वर्षीं साऱ्या शहरानें भरला असता तर चौऱ्यायशीं नांवांपुढें कोठल्या तरी परगांवचें नांव पडलें असतें. परगांवच्या या लोकांत सर्वांत मोठा समुदाय रत्नागिरी जिल्ह्याचा होता.

आणि ते आले ते बहुधा एकटे आले. मुंबईंत त्या वर्षीं दर हजार पुरुषांमागें स्त्रियांची संख्या साडेपांचशेंच्या आंतच होती, तर रत्नागिरी जिल्ह्यांत ती अकराशेंहून अधिक होती. एका ठिकाणची उणीव व दुसऱ्या ठिकाणची अधिकता हीं एकाच हिशेबाचीं दोन पानें होत. चाळीच्या एका खोलींत दहा-बारा गडी पाळीपाळीनें निजत, खानावळींत जेवत, आणि महिन्याची मनिऑर्डर गांवीं धाडीत. इकडे त्याच मनिऑर्डरीवर सावकाराचें व्याज, म्हाताऱ्यांचें औषध व मुलांची शाळा चाले, आणि नांगर पुष्कळदां बायकांच्याच गळ्यांत पडे. ज्यांचीं बायकामुलें मुंबईंत होतीं त्यांच्याहि घरची सून बाळंतपणास माहेरीं जाई. म्हणून मूल मुंबईचें असूनहि त्याची जन्मनोंद गांवच्या दप्तरीं होई. शहराच्या दप्तरांत मृत्यु अधिक व जन्म कमी दिसण्यास हेंहि एक कारण होतें. आंकडे खोटे बोलत नाहींत असें म्हणतात. पण ते अर्धेंच बोलतात हें विसरूं नये.

या ठिकाणीं लूककृत शुभवर्तमानांतील नांवनिशीची सहज आठवण होते. कैसर औगुस्ताची आज्ञा झाली तेव्हां प्रत्येकानें आपापल्या मूळगांवीं जाऊन नांव नोंदवावयाचें होतें. म्हणून योसेफ नासरेथ सोडून बेथलेहेमास गेला. आपली शिरगणती माणूस जेथें राहतो तेथेंच त्याला मोजते. तिनें जर रोमन पद्धत स्वीकारली असती, तर १९२१ सालची मुंबई दोन लक्षांच्या आंत आली असती, आणि कोंकणांतील घाटांवरून माणसांची रीघ लागली असती.

आतां हद्दीची गोष्ट. १९५० सालीं महानगरपालिकेची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत गेली व १९५७ सालीं दहिसर व मुलुंडपर्यंत पोंचली. म्हणून १९४१ चे पावणेपंधरा-पंधरा लक्ष व १९६१ चे साडेएकेचाळीस लक्ष हीं दोन एकाच भूमीचीं मापें नव्हेत, आणि त्यांची वजाबाकी करून 'मुंबई वीस वर्षांत जवळजवळ तिप्पट झाली' असें लिहिणें चुकीचें आहे. वाढ मोठी झाली हें खरेंच. फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित आले, नवे कारखाने निघाले, पाणी व औषधें सुधारलीं व मुलें जगूं लागलीं. परंतु या तिन्हीं कारणांचा वांटा निरनिराळा काढल्यावांचून त्या आंकड्यांचा अर्थ लागत नाहीं.

यापुढील भाग पुष्कळांना नवा वाटेल. 'मुंबई फुगत चालली आहे, रोज हजारों लोक येऊन आदळतात,' हें वाक्य आजहि सर्वतोमुखीं आहे, व त्यामागोमाग आलेल्यांविषयीं कटु शब्दहि ऐकूं येतात. २०२१ सालची शिरगणती कोरोनाच्या साथीमुळें पुढें ढकलली गेली. म्हणून २०११ चे आंकडे पाहूं. २००१ पासून २०११ पर्यंत भारत शेंकडा साडेसतरांहून अधिक वाढला, महाराष्ट्र सोळा, आणि मुंबई महानगर १,१९,७८,४५० वरून १,२४,४२,३७३ वर गेलें, म्हणजे शेंकडा चारहि नाहीं! शहर देशापेक्षां पुष्कळच मंदगतीनें वाढलें. त्यांतहि कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचें मूळ बेट तर घटलें. १९८१ सालीं तेथें सुमारें ३२ लक्ष ८५ हजार लोक होते, ते २०११ सालीं ३० लक्ष ८५ हजार राहिले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्यांच्या जागीं कचेऱ्या व उंच इमारती आल्या, भाडीं व किंमती अशा चढल्या कीं गिरणी-कामगाराच्या मुलाला वडिलांच्या चाळीजवळ बिऱ्हाड करणें अशक्य झालें. तो कल्याण, डोंबिवली, विरार, बदलापूर येथें गेला. त्याच दहा वर्षांत ठाणें जिल्हा शेंकडा छत्तीस वाढून १ कोटि १० लक्षांवर पोंचला व लोकसंख्येनें देशांतील पहिला जिल्हा ठरला. तेव्हां मुंबई वाढायची थांबली असें नव्हे. ती आपल्या हद्दीबाहेर वाढूं लागली.

देश घटत असतां शहर वाढण्याचा प्रकारहि इतिहासजमा झालेला नाहीं. जपानची लोकसंख्या २०१० सालीं १२ कोटि ८० लक्ष होती, ती २०२० सालीं १२ कोटि ६१ लक्ष झाली. टोकियो मात्र १ कोटि ३१ लक्षांवरून १ कोटि ४० लक्षांवर गेलें. तेथील प्रांतांत सर्वांत कमी जननप्रमाण टोकियोचेंच आहे. तरुण माणसें इतर प्रांतांतून येतात व मागें राहिलेल्या गांवांतील शाळा मुलांअभावीं बंद कराव्या लागतात.

आपल्याकडे याची चाहूल लागली आहे. रत्नागिरी जिल्ह्यांत २००१ सालीं १६,९६,७७७ लोक होते. २०११ सालीं ते १६,१५,०६९ भरले. शेजारचा सिंधुदुर्गहि घटला. आजहि रत्नागिरींत दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया असल्याची २०११ ची नोंद आहे. परंतु पूर्वीं मागें राहिलेली सून मनिऑर्डरीची वाट पाही, ती आतां पुष्कळदां पतीबरोबरच नालासोपाऱ्यास किंवा दिव्यास जाते, आणि मुलांचीं नांवें तेथल्या शाळेच्या पटावर चढतात.

पुढील शिरगणतीचे आंकडे हातीं येतील तेव्हां कोणी विद्यार्थी ही तुलना पुढें नेऊं इच्छील, तर त्यानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर हा निराळा जिल्हा काढण्यांत आला. वसई, विरार व नालासोपारा आतां पालघरांत आहेत. म्हणून दोन्ही जिल्ह्यांची बेरीज प्रथम करून घ्यावी, आणि मगच २०११ च्या ठाण्याशीं ती ताडून पाहावी. नाहींतर ठाणें एकाएकीं ओस पडलें असें त्याच्या वहींत दिसेल.