पेन्सिलीच्या रेघेची रुंदी

विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1835-36च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जमीनमोजणीची नवी घडी बसवली. त्या मोजणीची साखळी 33 फुटांची, आणि रुपयासारखेच तिचे सोळा आणे. साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले, तरी गावात जमिनीचा भाव अजून गुंठ्यानेच निघतो.

शेतात मोजलेली अंतरे टिपणात उतरत. टिपणे जुळवून मग गावनकाशा तयार होई. म्हणजे आधी आकडा, मागाहून रेघ.

नकाशा संगणकात उतरवताना हा क्रम अनेकदा उलटतो. जुना कागद स्कॅन होतो. त्यावरच्या ओळखीच्या खुणांना, समजा तीन गावांच्या शिवा मिळतात त्या दगडाला, अक्षांश-रेखांश दिले जातात. मग ऑपरेटर बांधाच्या रेघेवर माउस फिरवत कोपऱ्याकोपऱ्याला क्लिक करतो, आकृती बंद करतो आणि तिला गट क्रमांक जोडतो.

आता जरा हिशेब करू. इंचाला वीस साखळ्या, म्हणजे 660 फूट, अशा नकाशावर जमीन 7920 पट लहान होते. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ शेतात जवळजवळ चार मीटर जागा व्यापते. प्रत्यक्षात बांध असतो दोन-तीन हातांचा. क्लिक रेघेच्या अलीकडच्या कडेला पडला की पलीकडच्या, एवढ्यावर वाद उभा राहतो. संगणक मात्र तो बिंदू मिलिमीटरपर्यंत लिहून ठेवतो. आकडे वाढले तरी अचूकता पेन्सिलीचीच राहते. त्यातच कागद आकसलेला, घड्यांवर फाटलेला. शेजारच्या गावांचे नकाशे एकमेकांना लागत नाहीत, म्हणून ते ताणून बसवतात. पडद्यावरची फट बुजते आणि चूक कुणाच्या तरी शेतात जाऊन बसते.

हवाई छायाचित्राचीही एक खोड आहे, ती गावठाण मोजताना दिसते. गावठाणावर शेतसारा नव्हता, त्यामुळे तिथली घरे बहुतेक ठिकाणी मोजणीबाहेरच राहिली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. पुढे 24 एप्रिल 2020 रोजी देशभरासाठी अशाच ड्रोन-मोजणीची स्वामित्व योजना जाहीर झाली. पण ड्रोनला वरून दिसते ते छप्पर, पागोळ्यांखालची भिंत नाही. दोन भावांनी वाटून घेतलेले अंगण त्याला एकच वाटते. म्हणून उड्डाणाआधी मिळकतींच्या हद्दींवर चुन्याची फक्की टाकतात. हद्द ठरवायची गावाने, ड्रोनने फक्त तिचा फोटो काढायचा.

जुन्या नकाशाची रेघ गिरवण्यापेक्षा टिपणातली मापे संगणकात भरून शेत नव्याने आखणे हेच खरे काम. ते वेळखाऊ आहे, पण त्याला पर्याय नाही. मोबाइलवरच्या नकाशात आपला बांध शेजाऱ्याच्या उसात शिरलेला दिसला, तर भांडण काढण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयातून टिपणाची नक्कल काढून आणा.