कोवळ्या माता आणि अंगणवाडीचा पट

साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला, की सातारा व सांगली जिल्ह्यांतील कृष्णाकाठच्या गावांच्या शिवारात ऊसतोडणी कामगारांच्या कोपी उभ्या राहतात. मराठवाड्यातून, तसेच जतसारख्या अवर्षणप्रवण भागातून ही कुटुंबे येतात. पती-पत्नीच्या जोडीस येथे ‘कोयता’ म्हणतात व मुकादमाकडून मिळणारी उचलही कोयत्यावरच ठरते. मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवावे, ही चिंता आणि जोडीला मिळणारी उचल, या दोन्हींमुळे मुलींचे विवाह लवकर उरकले जातात. साहजिकच कोपीच्या दारात खेळणाऱ्या बालकाची आई कित्येकदा स्वतःच सोळा-सतरा वर्षांची असते.

हा प्रश्न केवळ ऊसतोड कामगारांपुरता नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेला होता. १५ ते १९ वयोगटातील ७.६ टक्के मुली माता झालेल्या वा गर्भवती होत्या.

नाव कोठे गळते?

अमेरिकेत काही माध्यमिक शाळांना जोडून किशोरवयीन पालकांच्या मुलांसाठी बालवर्ग चालविले जातात. आपल्याकडे ही जबाबदारी २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडीकडे येते. तीन ते सहा वर्षांच्या बालकांना पूर्वप्राथमिक शिक्षण आणि गर्भवती व स्तनदा मातांना पूरक आहार तेथे मिळतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने या आहारास हक्काचे स्वरूप दिले असून, त्यासाठी मातेच्या वयाची अट नाही.

तरीही नाव गळते, त्याची कारणे दोन. बालकाची नोंद मूळ गावी आणि मुक्काम मात्र फडावर, हे पहिले. २०२१ पासून वापरात आलेल्या ‘पोषण ट्रॅकर’मध्ये स्थलांतरित बालकाची नोंद नव्या गावी घेण्याची सोय आहे. दुसरे कारण भीतीचे. बालविवाह रोखण्याच्या कामात अंगणवाडी सेविकेचेही साहाय्य घेतले जाते. त्यामुळे वही उघडताच आईचे वय वाढवून सांगितले जाते किंवा मूल पाठविलेच जात नाही. वय लपले, की जोखमीचे बाळंतपण लपते व कमी वजनाचे बालक तराजूपर्यंत पोहोचत नाही.

गावाने काय करावे?

विवाह रोखणे हे कर्तव्य आहेच. परंतु जन्मलेल्या बालकाला त्याची शिक्षा होता कामा नये. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानेही, असा विवाह रद्द ठरला तरी, त्यातील अपत्यास औरस मानले आहे. पंचायत सदस्यांनी हंगामाच्या आरंभीच सेविकेसमवेत कोपींना भेट द्यावी, बालकांची व मातांची खरी वये नोंदवावीत आणि नोंदीमुळे आहार थांबणार नाही, याची ग्वाही द्यावी. आठवी-नववीतील मुलगी शाळेत येईनाशी झाली, तर शिक्षकांनी ती पहिली सूचना समजावी. आई झालेल्या मुलीसही सतरा क्रमांकाचा अर्ज भरून दहावीस बसता येते, हे तिला कोणीतरी सांगावयास हवे.

सातारा जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाई फुले यांचा विवाह १८४० मध्ये, नवव्या वर्षी झाला होता. पुढे त्यांच्या हाती पाटी आली, म्हणून इतिहास घडला. अंगणवाडीच्या पटावर बालकाचे नाव लिहिताना त्याच्या आईच्या हातीही पाटी देता येईल काय, याचा विचार प्रत्येक गावाने करावयास हवा.