जेलीतली ओळखपरेड

बहुतेक तारामाशांमध्ये मीलन असे नसतेच. नर-मादी शुक्राणू आणि अंडी सरळ समुद्रात सोडून मोकळे होतात. त्या पाण्यात परक्या जातींचेही शुक्राणू असतात. मग आपला कोण?

हे ठरते अंड्याभोवतीच्या जेलीत. जपानच्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या ‘अ‍ॅस्टेरियास अम्युरेन्सिस’ या जातीत ही गोष्ट बारकाईने तपासली गेली आहे. जेलीतून पाझरणारे ‘अ‍ॅस्टेरोसॅप’ हे जेमतेम 34 अमिनो आम्लांचे पेप्टाइड शुक्राणूला अंड्याकडे खेचते. खरी झडती घेतात ती ‘एरिस’ ही जेलीतलीच साखरेच्या लांब साखळ्यांची शर्करा-प्रथिने. मात्र एकट्या एरिसचे चालत नाही. जोडीला अ‍ॅस्टेरोसॅप किंवा सॅपोनिन हे रसायन लागते. दुहेरी कुलूपच म्हणा ना!

खूण पटली की शुक्राणूत कॅल्शियम शिरते, टोकावरची पिशवी फुटते आणि डोक्याच्या कित्येक पट लांब, सुईसारखा तंतू बाहेर येतो. तो जेली भेदून अंड्याला टेकतो. शुक्राणूचे डोके अजून जेलीबाहेरच!

शुक्राणू अंड्यात शिरताना प्रथम पाहिला तो स्विस शास्त्रज्ञ हेर्मान फोल यांनी, 1877 साली. तेही तारामाशाच्याच अंड्यात.